मेल, एक नग

चार वाजून दहा मिनिटांनी कुलूपकाकांनी 'पाठवा' हे बटण दाबलं आणि अकराव्या मिनिटाला त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

पंपांच्या कारखान्याचं स्टोअर ते तीस वर्षं सांभाळत होते. सहीशिवाय त्यांच्या हातून साधा वॉशर सुटायचा नाही, म्हणून हे नाव. काटकसर तर इतकी की हा माणूस कधी नवा मेल उघडायचा नाही. जुनाच घ्यायचा, मजकूर खोडायचा आणि त्यावर लिहायचा. आता मेलमध्ये कसला आलाय कागद वाचवायचा! सकाळचा मेल होता मालमोजणीच्या सूचनेचा, 'सर्व कर्मचारी' या पत्त्यावर. काकांनी मजकूर खोडला, लांब राहणाऱ्या लेकीचा पत्ता घातला, आणि 'सर्व कर्मचारी' शेजारी तसेच बसून राहिले.

मजकूर असा होता: "बाळा, आज सहा वाजता पोहण्याचा तलाव पार करणार. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खोल पाण्यातून, न थांबता. चार महिने लपूनछपून शिकतोय. तुझ्या आईला वाटतं, मी गुडघ्यांच्या व्यायामाला जातो. अठ्ठावन्न वर्षं पाण्याला भ्यालो, आता पुरे. छातीत धडधडतंय. नाही जमलं तर कुणाला कळणार नाही, एवढंच बरं."

आता ते दोनशे चौदा जणांना कळलं होतं.

मेल मागे घ्यायची सोय असते, हे काकांनी ऐकलं होतं. शोधून शोधून त्यांनी ती वापरली. झालं! संगणकाने इमानेइतबारे सगळ्यांना कळवलं, 'स्टोअरप्रमुख हा मेल मागे घेऊ इच्छितात.' ज्यांनी तो अजून पाहिलाही नव्हता, त्यांनी हातातले कप खाली ठेवून आधी तो उघडला.

काका उठले. स्टोअरमधून गेलेली वस्तू परत कशी आणायची, याची त्यांना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी खणातून रिटर्न स्लिपचं पुस्तक काढलं आणि खात्याखात्यातून फिरायला लागले. वस्तू: मेल. नग: एक. परत करणाऱ्याची सही.

रंगखात्याच्या बाईंनी मुकाट्याने सही केली. 'वस्तूची स्थिती' या रकान्यात 'उत्तम' असं लिहिलं आणि पदराआड हसू दाबलं.

लेथवरचे मिस्त्री मात्र सही करेनात. "काका, माझा वाचून झालाय. दोनदा. वापरलेला माल परत घेणार नाही, असं तुम्हीच खिडकीवर लिहून ठेवलंय."

"मिस्त्री, चेष्टा पुरे. सही करा."

"करतो की. पण सहा म्हणजे सहालाच ना?"

काकांचे कान लालबुंद झाले. अकरा स्लिपा जमवून ते फोनवरच्या बाईंपाशी पोचले, तर त्या नजर चुकवायला लागल्या.

"काका, रागावू नका. काकूंचा फोन आला होता, तुम्ही कधी निघणार म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं हो!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "काय म्हणाली?"

"काहीच नाही. तलाव कुठे आहे, एवढंच विचारलं."

सहा वाजता काका कपडे बदलून बाहेर आले आणि जागीच थिजले. काठावर अर्धा कारखाना बसला होता. पलीकडच्या भिंतीपाशी, मांडीवर पर्स घेऊन, बायको. पळून जावं असं काकांना फार वाटलं. पण शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, पाणी तेच आहे," आणि त्यांनी डोळे मिटून उडी मारली.

निम्म्यापर्यंत ठीक चाललं. तेवढ्यात मिस्त्री ओरडले, "हाणा काका!" काका दचकले, नाकात पाणी गेलं आणि त्यांनी बाजूचा दोर गच्च पकडला.

 चार महिने ज्याची धास्ती घेतली होती ते झालं होतं, आणि तेही अर्ध्या कारखान्यासमोर, बायकोसमोर. काका खोकत खोकत वाट पाहत राहिले, की आता कुणी हसेल.

"ही ट्रायल झाली," मिस्त्री म्हणाले. "पंपसुद्धा पहिल्या फटक्यात पाणी धरत नाही."

आणि हसले ते काकाच. दोराला लोंबकळत, नाकातून पाणी गाळत, पोट धरता येत नव्हतं म्हणून नुसतेच गदगदून हसले. असं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"पुन्हा!" ते म्हणाले आणि दोर धरून धरून उलटे सुरुवातीच्या भिंतीपाशी गेले.

या वेळी ओरडायला सगळेच होते. रंगखात्याच्या बाई तर चप्पल हातात घेऊन काठाने सोबत चालत होत्या. निम्मं गेलं, मघाशी दोर पकडला ती जागा गेली, हात भरून आले, दम तुटायला लागला. भिंत दोन हातांवर आली तेव्हा बायकोला राहवेना. पर्स टाकून ती काठावर ओणवी झाली आणि तिने हात पुढे केला.

"अहो, धरा! पोचलात, पुरे झालं!"

काकांनी तोंड पाण्यावर काढलं. "हात काढ मधून," ते धापा टाकत खेकसले, "मला भिंत शिवायचीय!"

तिने हात बाजूला केला. काकांचा पंजा भिंतीवर असा आपटला, की बायकोचा चष्मा आणि पहिली अख्खी रांग भिजून गेली.