केमिकलचा दोष

“हल्ली केमिकलच धड येत नाही,” नको असलेलं तांबं विरघळवायच्या टबावर वाकलेले तेजलचे अण्णा पुटपुटले. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजसाठी तांब्याच्या पत्र्यावर हाताने आखलेला आणखी एक सर्किट बोर्ड वाया गेला होता; दोन रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. “भेसळ, दुसरं काय,” आई नेहमीसारखी म्हणाली. तेजलनेही नेहमीसारखी मान हलवली आणि त्याच दुपारी अण्णांचं डिझाइन स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामला दिलं. प्रोग्रामने ते परस्पर बोर्ड बनवणाऱ्या एका कारखान्याच्या सिस्टिमकडे पाठवलं. ना फोन, ना मेल, आणि ऑर्डर लागलीसुद्धा.

अंबडच्या त्यांच्या वर्कशॉपवर पार्सल आलं, तेव्हा कात्री सापडेपर्यंत तिला दम निघेना; तिने ते दातांनीच फाडलं. आत हिरवेगार बोर्ड, त्यांवर केसाएवढ्या बारीक, सरळसोट रेषा. पार्ट बसवले आणि दिवा पहिल्याच झटक्यात लागला.

“त्यांचं केमिकल चांगलं असेल हो,” आई घाईने म्हणाली.

अण्णांनी बोर्ड उजेडात धरला. तो त्यांच्या बोटांत हलत होता, तरी ते हसत होते.

“केमिकलला काय धाड भरलीय? हात थरथरतो माझा.” मग खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढत म्हणाले, “पुढची ऑर्डर मी लावणार. बटण दाबायला चालेल ना गं हा हात?”