जिन्याखालची खुर्ची

पंचवटीतल्या घरच्या यात्रीनिवासाची वेबसाइट वल्लरीनं थाटात लिहिली होती: ‘सर्व सोयींनी युक्त, राजेशाही मुक्काम!’ ती वाचून आलेल्या एक आजी उभा जिना बघून खालीच खुर्चीत बसल्या. “लिफ्ट नाही, एवढं तरी लिहायचं!” त्यांचा मुलगा चिडला. वल्लरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या आईनं आपलीच तळमजल्यावरची खोली आजींना दिली. वल्लरीनं ‘राजेशाही’ पुसून लिहिलं: ‘जिना उभा आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करा, खालची खोली देऊ.’ सोबत त्या खुर्चीचा फोटो टाकला. “आता कुत्रंही फिरकणार नाही,” म्हणत बाबांनी खुर्ची मागच्या दारी नेऊन टाकली. आठवडाभरात बाबांनाच एका नव्या यात्रेकरूचा फोन आला. “जिन्याचं खरं लिहिलंत म्हणून आईला आणतोय. ती खुर्ची आहे ना?” “आहे की!” म्हणत बाबा मागच्या दारी धावले.