तिसऱ्या जातीचा नायक

“मंग पुढे काय व्हस?” लोटनआबांनी विचारलं.

त्यांची सून रंजिता सुपातल्या मिरच्यांची देठं खुडत होती. तिने मान वर केली नाही. “पुढे तिले समजस. नवरानी शहरमा दुसरं घर करेल शे. तठे एक पोरगी बी शे.”

“आन सासू-सासरा?”

“सासू गुपचूप. सासरा भला माणूस. त्याले काहीच ठाऊक नही.”

“असा कसा आंधळा?” आबा हसले. गोष्ट त्यांना फार आवडली होती.

सून मोबाईलवर कोरियाच्या सिरियली बघते म्हणून गेल्या वर्षी त्यांनीच तिला झापलं होतं. मग त्यांचा पाय मोडला. महिनाभर खाटेवर पडल्यापडल्या तिच्याच तोंडून त्या सिरियली ऐकल्या. तिने त्यांना नायकांच्या जातीही शिकवल्या. पहिला फणसासारखा, वरून काटे, आत गरे. दुसरा छत्री धरून उभा. जन्मभर वाट बघतो आणि शेवटी बाई फणसाला मिळते. तिसरा गोडबोल्या. थोरांच्या पाया पडतो आणि घरच्यांचाच गळा कापतो.

पाय बरा झाला आणि हे तिघे आबांच्या कीर्तनात शिरले. फणसाचा राजपुत्र झाला, छत्रीवाल्याचा प्रधानपुत्र. असा दृष्टांत रंगला की बायका पदराने डोळे पुसायच्या. कुणी विचारायचं, “आबा, कोणत्या पोथीतला?” आबा म्हणायचे, “जुना आहे.” गळ्यात तुळशीची माळ, शेजारी वीणेकरी उभा, आणि तोंडात खोटं. तीस वर्षं देवाचं नाव घेतलं आणि म्हातारपणी चोरी केली, असं वाटून त्यांना त्या रात्री जेवण जायचं नाही. पण पुढच्या कीर्तनात दुसरी गोष्ट यायचीच.

“शेवट काय व्हस?” आबांनी विचारलं.

“शेवट अजून उना नही.” रंजिताने आता मान वर केली. “तुमले काय वाटस, आबा? तिनी काय कराले जोयजे?”

“सकाय कीर्तनले ये. तठेच सांगसू.”

दुसऱ्या दिवशी भिकन पाटलाच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. दहा ते बारा आबांचं कीर्तन, मग पंगती. निघायच्या आधी सुरतेहून मुलाचा, भाग्येशचा फोन आला. “आबा, रजा नही मिळनी. आठूनच पाया पडस.” आबांनी आशीर्वाद दिला.

उपरणं हातात देताना कौसाबाई नवऱ्याला म्हणाली, “ती गोष्ट आज नका सांगा.”

“काबर?”

“नका सांगा, बस.”

चोरी पकडली जाईल म्हणून ती घाबरली, असं आबांना वाटलं. भीती त्यांनाही होती. भिकनची पुतणी रुपा तळोद्याला कॉलेजात जायची आणि कोरियाची एकही सिरियल सोडायची नाही. पण रंजिताला शब्द दिला होता.

रुपा नेमकी पुढेच बसली होती.

आबांनी शहराची राजधानी केली, नवऱ्याचा सरदार केला. सरदार आईबापांच्या पायावर डोकं ठेवतो, बायकोला लुगडी आणतो, आणि राजधानीत त्याचा दुसरा पाळणा हलतो. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रुपाने मान खाली घातली. मग भिकनने घातली. मग रांगच्या रांग खाली बघू लागली.

ओळखलं यांनी, आबांच्या मनात आलं. आता थांबणं त्याहून वाईट. एकदाचा शेवट करून मोकळं व्हावं म्हणून तोंडाला आला तो शेवट त्यांनी केला.

“मायबापहो, त्या माउलीनं काय केलं? ओठ शिवून घेतले. घराण्याची अब्रू पदराच्या गाठीत बांधली. अहो, चुकार जनावर कुठंही चरलं तरी दिवस मावळता गोठ्यातच येतं. सोसेल तिचाच संसार.”

अशा ठिकाणी टाळ्या पडत. आज एकही पडली नाही. बायकांमधून रंजिता उठली आणि कुणाकडे न बघता मांडवाबाहेर गेली. आपल्यापायी पोरीलाही लाज आली, आबांना वाटलं.

बारा वाजता फुलं पडली, आरती झाली. पाया पडायला फारसं कुणी आलं नाही. पंगतीतल्या भरल्या ताटावरून आबा उठले आणि वाढत असलेल्या रुपाला त्यांनी पाण्याच्या टाकीजवळ बोलावलं.

“रुपा, तुले समजनं ना?”

“बठ्ठा गावले समजनं, आबा.”

आबांनी तिच्यापुढे हात जोडले. सत्तरीच्या माणसाने नातीएवढ्या पोरीपुढे. ती दचकून मागे सरली.

“चोर शे मी, माय. वर्ष व्हयनं, कोरियान्या सिरियली पोथीन्या म्हनीसन सांगस. आजनी गोष्ट बी तठलीच शे. रंजितानी सांगी माले.”

रुपाने हातातली बादली खाली ठेवली.

“आबा, अशी सिरियल नही शे.” तिचा आवाज खाली गेला. “आमले वाटनं, भाग्येशदादानं सुरतनं दुसरं घर तुमले समजी गयं, आन तुम्ही भर मांडवमा वहिनीले सांगं, सोस.”