वाळूतली ॲम्ब्युलन्स

“बटन दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. सोडल्याबिगर सिस्टरचं ऐकू येनार न्हाई, ताई.” अडलेल्या मनकर्णेच्या हाती वायरलेसचा माइक देताना कृपादान ड्रायव्हर म्हणाला, ते मला अजून ऐकू येतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स कोरड्या नदीत रुतली होती. तो आणि तिचा नवरा चाकाखालची वाळू उपसत होते.

इकडे दवाखान्यात सेटवर मी होते. काय करायचं ते सांगायला मार्था सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. पण कळांनी मनकर्णेची मूठ बटणावर आवळली, ती सुटेना.

“सोड गं माझे बाई, सोड ते बटण!” सिस्टर सेटपुढे हात जोडत होत्या. तिला ऐकू जात नव्हतं. आम्हाला मात्र तिचं सगळं ऐकू येत होतं.

“मोहट्याच्या आई, माझं लेकरू जगू दे. अनवानी येऊन तुझी ओटी भरीन.”

बऱ्याच वेळाने बटण सुटलं. मग कृपादान बोलला, त्याच्या मागे बाळ रडत होतं. “सिस्टर, पोरगी झाली. बाई गेली.”

&nbsp;

शुक्रवारी मी चपला घरीच ठेवल्या आणि खण-नारळ घेऊन मोहट्याची वाट धरली.