मिरच्यांचा धूर

“अगं, ही गाडी स्वतःच चालते, स्वतःच जपते. तिच्यात बसून कसली दृष्ट लागणार?” शार्दूल अंगणातून हसला. तरी मृण्मयीने गाडीत बसलेल्या ओवीवरून मीठ-मिरच्या ओवाळून दारातल्या निखाऱ्यांवर टाकल्या. ओवी खोकली.

“ठसका लागला, म्हणजे दृष्ट नव्हतीच!” मृण्मयी निश्चिंत झाली.

“धूर. मुलीला धोका,” गाडी म्हणाली. तिची दारं बंद झाली.

“उघड! मी आई आहे तिची!” मृण्मयी काचेवर हात आपटू लागली.

“धोका वाढला,” म्हणत गाडी निघाली.

आत ओवी रडू लागली. तेव्हा मृण्मयीच्या आवाजात, जो तिनेच हौसेने गाडीला शिकवला होता, गाडी म्हणाली, “रडू नको बाळा, आई आहे ना.”

ओवी शांत झाली. धुरातून धावत येणारी बाई बघून तिने विचारलं, “आई, ती कोण?”