प्रचारप्रमुख

"कोण तो गद्दार?" कॅन्टीनच्या बाकावर चढून त्याने भोंग्यातून विचारलं.

याच भोंग्यावरून तो आठवडाभर राज्यशास्त्राच्या वर्गाला विनवत होता: 'लोक मतदान का करत नाहीत' हाच ऐच्छिक विषय निवडा, पुरेशी मुलं आली नाहीत तर विषय बंद आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सरांची नोकरीही. आज नोंदणी संपली. एक विद्यार्थी कमी पडला.

"आम्ही सगळ्यांनी घेतलाय," वर्गमैत्रीण समोसा मोडत म्हणाली. "तू घेतलास ना?"

भोंगा खाली आला. सरांचा तास सकाळी सातला होता, लोकप्रशासनाचा अकराला. आपल्या एकट्याने काय फरक पडतो, असा विचार करून त्याने कालच लोकप्रशासन निवडलं होतं. प्रचाराच्या गडबडीत हे तो पार विसरला होता. आता कान तापले. बाकावरून उतरायचं कसं, तेही सुचेना.

शेजारच्या टेबलाशी चहा घेत बसलेले तेच सर उठले. नोंदणीच्या पोर्टलवर कोणी काय निवडलं, हे त्यांना दिसत होतं.

"जाऊ दे गं," ते तिला म्हणाले. "मतदान गुप्त असतं."

आणि त्याला खाली उतरायला हात दिला.