मेणाची इस्त्री

आखातातल्या फुजैराच्या बंदरावर नोकरी करणारा विजयकुमार पंधरा दिवसांनी अल कुसैसच्या घरी आला, तर डायनिंग टेबलावर दोन लांबलचक स्की उलट्या बांधलेल्या होत्या. मुलगी आभा त्यांच्या तळाला मेण लावून वरून चक्क इस्त्री फिरवत होती. शेजारी कडांना धार लावायची कानस पडली होती. त्याला काही उमगेना.

"अगं, इस्त्रीची वाट लागेल!"

"रिलॅक्स, बाबा. ही मेणाचीच इस्त्री आहे. तळ गुळगुळीत झाला की स्की सुसाट पळते."

"वाळवंटात?"

"मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या उतारावर. उद्या रेस आहे."

"तुझ्या कॉलेजची?"

"माझी नाही. आईची. दीड वर्ष शिकतेय ती."

विजयकुमार मटकन खुर्चीत बसला. अनुराधा? आणि बर्फावरून घसरत?

"काहीतरीच काय! साध्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवतानासुद्धा ती माझा हात घट्ट धरते."

आभाने इस्त्री बाजूला ठेवली.

"एरवी ती एकटीच चढते, बाबा. हात फक्त तू आलास की धरते."